कापलेल्या दोऱ्याची करडगी

अहो, तुम्हाला रुद्रभूमीत बसवून सगळे घरी आले, आणि मी पहिलं काम केलं ते तुमची करडगी धुण्याचं. आपल्या लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून मातीत बसवतात आणि त्याचं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. लिंग माणसाबरोबर जातं. ज्या चांदीच्या करडगीत घालून ते जन्मभर गळ्यात बाळगलं, ती मात्र मागं राहते. स्वामींनी तुमची करडगी उघडली, आतलं लिंग तुमच्या हातावर ठेवलं आणि रिकामी करडगी माझ्या पदरात टाकली. न्हाणीत बसून मी ती नुसत्या पाण्यानं धुतली. आपली शैला बाहेरून हाका मारत होती, "आई, आता हे काय काढलंस?" तिला काय सांगणार? तुमच्या कपाटाचे खणच्या खण असल्याच रिकाम्या करडग्यांनी भरलेत, आणि त्यात ही एक वाढवायची की नाही, हे मला ठरवता येईना. शेवटी चहाच्या डब्यामागं ठेवली. तुम्ही असता तर म्हणाला असता, "तिथं वाफ लागंल की."

भेटायला येणारे सगळे तुमच्या छंदाचं कौतुक करतात. बसल्या बसल्या कपाटाकडं बघतात आणि म्हणतात, फार मोठं काम केलं हो मालकांनी. मी मान हलवते. छंद म्हणे. ज्याच्या घरात असला छंद असतो त्यालाच विचारावं. पंधरा वर्षं मी त्या कपाटाशी संसार केला. पाहुणे आले तर चांगल्या गाद्या ठेवायला जागा नव्हती, कारण खालच्या कप्प्यात कुणाकुणाच्या आजोबा-पणजोबांच्या करडग्या मलमलीत गुंडाळून झोपलेल्या.

सुरुवात आठवते का? नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. शैला शाळेत जायला लागली होती आणि तिला पैंजण करायचे होते. लक्ष्मीपुरीतलं आपलं रंगाचं दुकान दुपारी बंद करून तुम्ही गुजरीत, सराफांच्या गल्लीत गेलात. शेठच्या पेढीवर मोडीची परात होती, मुशीत जायची जुनी चांदी. फुटके वाळे, तुटकी फुलपात्रं आणि त्यात एक चेपलेली करडगी. तुम्ही विचारलंत, "हे आटवणार?" शेठ म्हणाला, "मग काय पूजा करणार? आम्ही जैन माणसं." तुम्ही ती घेऊन घरी आलात. शैलाचे पैंजण राहिले ते राहिलेच. पुढच्या दिवाळीला माझ्या माहेरून आले.

तेव्हा मी तोंड सोडलं होतं तुमच्यावर, आठवत असेल. जेवण झाल्यावर हात पुसत म्हणालात, "आमच्या आबांची करडगी अशीच मोडीत गेली गं. थोरल्या अक्काच्या लग्नात तिची जोडवी केली. माझ्या देखत मुशीत टाकली. आबांच्या छातीवर ती वाजायची, मी त्या आवाजानं झोपायचो." एवढंच. पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाहीत. मीही विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं, कसला आवाज यायचा म्हणून.

लोकांना कोल्हापूर म्हटलं की साज आणि ठुशी आठवते. तुमचं म्हणणं असायचं की, "सोन्याला वाली हाईत. लेकी-सुना भांडून वाटून घेतात, म्हणून सोनं टिकतं. करडगीसाठी कोण भांडलंय कधी? माणूस मातीत गेला की ती फडताळात, आणि अडचण आली की गुजरीत." म्हणून तुम्ही मध्ये उभे राहिलात, फडताळ आणि मूस यांच्या मध्ये. अंड्यासारखी लांबट, चौकोनी घुमटाची, चार कोपऱ्यांना नंदी बसवलेली, जी आली ती घेतलीत. एकीलाही उजळा दिला नाहीत. कोपऱ्यातली विभूती वाळून दगड झालेली, तीही खरवडू द्यायचा नाहीत. "ती त्या माणसाची हाय," म्हणायचा.

आणि मग तुमचं ते वाचन. चष्मा कपाळावर सरकवून करडगी डोळ्यापाशी न्यायचा आणि मला सांगायचा, हा बघ, ह्यो डाव्या कुशीवर झोपायचा, इथली नक्षी घासलीया. ह्यो बैलं हाकायचा, कासऱ्याचा चट्टा बघ. मी म्हणायची, आणि हा बायकोला छळायचा, ते नाही लिहिलेलं? तुम्ही हसायचा. पण मी बघितलंय, एखादी फार झिजलेली असली की तुम्ही ती उगीचच जरा वेळ मुठीत धरून बसायचा.

मुंबईचा तो व्यापारी आला तेव्हा मी मनातून खूश झाले होते. परदेशातल्या लोकांना असल्या वस्तू हव्या असतात, काचेच्या कपाटात मांडतात, म्हणाला. मी त्याला चहा दिला, वर पोहेही केले. मला वाटलं, सुटलो बाई. तुम्ही त्याला एकेक करडगी दाखवलीत, कुठल्या गावची, कशी झिजली ते सांगितलंत, आणि शेवटी सगळ्या परत गुंडाळून म्हणालात, "बघायला कवाबी या. विकायची न्हाय." तो गेल्यावर मी भांडले. तुम्हाला माझं म्हणणं पाठ होतं, तरी पुन्हा सांगते. दुसऱ्यांच्या गळ्यातल्या, मेलेल्या माणसांच्या वस्तू घरात कशाला? आणि तुमचं उत्तरही मला पाठ आहे. "अगं, ही घरं हाईत. रिकामी. आत कोण राहत न्हाय. भ्यायचं कशाला?"

आणि मग ती आली, जी रिकामी नव्हती.

शेठचा दुकानावर फोन आला होता. मोडीत एक करडगी आलीय, हलवली तर आत काहीतरी वाजतंय, मी उघडणार नाही, तुमचं तुम्ही बघा. तुम्ही ती घरी आणलीत ती शर्टाच्या आत धरून. देवळीसमोर बसलात, मलाही बसवलंत. मळसूत्री झाकण फिरेना, खोबरेल लावून फिरवलंत. आत हिरव्या खणाची चिंधी, आणि चिंधीत काळंभोर, गुळगुळीत इष्टलिंग. त्यावर विभूती अजून ओली असल्यासारखी बसलेली.

आपल्यात लिंग अंगावरून उतरत नाही. जन्मल्यावर स्वामी बांधतात, ते मातीत बसेपर्यंत. तुम्ही करडगीचा दोरा हातात घेतलात आणि त्याचं टोक मला दाखवलंत. झिजून तुटला असता तर टोकाची सुतं सुटलेली असती. गाठ सोडून काढला असता तर गाठीचा वळसा राहिला असता. हा सरळ कापलेला होता, ब्लेडनं.

"मेलेल्याचं न्हवं हे," तुम्ही म्हणालात. "मेला असता तर लिंग मातीत गेलं असतं. कुणीतरी जित्त्या माणसाच्या गळ्यातनं कापून नेलंय. चांदी बघून. तो माणूस कुठंतरी हाय."

"मग त्याला स्वामींनी दुसरं बांधलं असंल की," मी म्हणाले. "हे पंचगंगेत सोडून द्या. तशीच रीत आहे."

"तो हाय तवर न्हाय."

"आणि नसला तर?"

तुम्ही झाकण परत लावलंत. मग म्हणालात, "नसला तर सोडीन. पण तो मातीत बसायच्या आधी हे त्याच्या हातात गेलं पायजे. त्याचं त्याला."

झालं. आपल्या घरात त्या दिवसापासून हाच एक विषय. कुणाचं आहे, कुठं आहे, जिवंत आहे का. पोलीस चौकीत जाऊन आलात. तिथं कुणाची तक्रार नव्हती, जमा करा म्हणाले. जमा केलं तर ते कपाटात पडून राहील आणि कुणी त्याला विभूतीसुद्धा लावणार नाही, म्हणून तुम्ही तसेच माघारी आलात. रोज सकाळी स्वतःची पूजा झाली की ती करडगी उघडायचा. दुसऱ्याचं लिंग तळहातावर घ्यायचं नाही, म्हणून आतच चिमूटभर विभूती टाकायचा, सोमवारी बेलाचं पान ठेवायचा, आणि झाकण लावायचा. मी चहा घेऊन उभी. चहा निवायचा. मी म्हणायची, त्या परक्या माणसाची पूजा झाली असली तर आमच्याकडं बघा. "परका कसला?" तुम्ही म्हणायचा, "रोज सकाळी भेटतो की."

किती फिरलात. हुपरी, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज. दुकान बंद असलं की एसटी. खिशात करडगीचा फोटो, त्याला तुमच्या बोटांचे रंगाचे डाग. लग्नाला गेलो की तुम्ही अक्षता टाकायच्या आधीच म्हाताऱ्यांच्या घोळक्यात. "अप्पा, आपल्यात कुणाचं लिंग चोरीला गेल्यालं ऐकलंय काय?" लोक हसायचे. माझा भाऊ मला बाजूला घेऊन विचारायचा, दाजींचं बरं आहे ना? मला लाज वाटायची, आणि लाज वाटली की मला राग येतो, तुम्हाला माहीत आहे. परतीच्या एसटीत मी तोंड खिडकीकडं करून बसायची.

गडहिंग्लजहून दुकानावर आलेला तो म्हातारा आठवतो का? म्हणाला, माझंच लिंग, माझीच करडगी. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. तुम्ही विचारलंत, आत लिंग कशात गुंडाळलं होतं? तो म्हणाला, पांढऱ्या फडक्यात. तुम्ही करडगी खिशात ठेवलीत, त्याला चहा पाजलात, भजी चारलीत, एसटीपर्यंत सोडायला गेलात. मी तुमच्या जागी असते तर चार शब्द सुनावले असते. नंतर मी म्हणाले, देऊन टाकायचं होतं, तुम्ही सुटला असता. तेव्हा मात्र तुम्ही चिडलात. इतक्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवलात तो त्याच दिवशी. "सुटायचंय कुणाला?" म्हणालात.

आपलं खरं भांडण वेगळंच होतं आणि ते अर्धंच राहिलं. तुम्ही सगळीकडं पुरुष शोधत होता. करडगी जड, मोठी, घुमटाची. बायकांच्या गळ्यात असली नसते, लहान असते, हे मलाही कळत होतं. पण मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते, अहो, पुरुष माणूस लिंग खणाच्या चिंधीत गुंडाळेल का? हे बाईचं आहे. तुम्ही म्हणायचा, आईनं चिंधी दिली असंल, करडगी बघ ना, करडगी खोटं बोलत न्हाय. एवढ्या करडग्या वाचलेला माणूस, तुम्हाला कोण शिकवणार? मी म्हणायची, करडगीला तोंड असतं तर तीच म्हणाली असती, ह्या बाईचं ऐका. शैला लग्न होऊन पुण्याला गेली, रस्त्यातल्या माणसाच्या हातात मोबाईल आले, तुम्ही नवी करडगी घ्यायचंही जवळजवळ सोडलंत, पण पुरुषच शोधत राहिलात.

आणि शेवटी सापडलं ते मला. कागलच्या लग्नात, बायकांच्या पंगतीत. माझ्या शेजारी बसलेली बाई बोलता बोलता म्हणाली, कोल्हापुरात देवीला जायचं म्हटलं की आमच्या घरात अजून भ्यात्यात, चुलतसासूचं लिंग स्टँडवरच्या गर्दीत कापून नेलं. माझ्या हातातला घास तसाच राहिला. कधी? तिनं सांगितलं ते साल आपली शैला शाळेत होती तेव्हाचं. कसली करडगी? मोठी, घुमटाची. मी विचारलं, आहेत का चुलतसासू? "हाय की. बसूनच असती, पर हाय." चंदगडकडचं गाव, कर्नाटकाच्या अंगाला. नाव गौरव्वा.

अहो, मी लगेच उठले नाही. नाही सांगितलं तर काय होईल, हा विचार माझ्या मनात आला. हा शोध संपला की तुम्ही माझ्या वाट्याला याल की अजून काहीतरी काढाल, असाही आला. मग मी उठले, उष्ट्या हातानं पुरुषांच्या पंगतीत गेले, सगळे बघत होते, आणि तुम्हाला म्हणाले, "तुमचा परका माणूस बाई आहे. जिवंत आहे." तुम्ही जेवत होता तो हात तसाच पानावर ठेवून माझ्याकडं बघत राहिलात. तुमचं तसं तोंड मी आपल्या लग्नातही बघितलं नव्हतं.

श्रावणातला सोमवार ठरला. "तूबी चल," म्हणालात. मी म्हटलं, मला एसटीत गुडघे दुखतात, तुमचं तुम्ही जावा. खरं तर मला तुम्ही आग्रह करावा असं वाटत होतं, आणि तुम्ही करणारच होता, दोन-तीनदा केल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नव्हती. पण त्या आधीच्या आठवड्यात दुकानात गिऱ्हाइकाला रंगाचा डबा उघडून दाखवताना तुम्ही खाली बसलात ते बसलातच.

तुमच्या हातावर लिंग ठेवताना स्वामींनी तुमची बोटं मिटवली. ती मिटताना मी बघत होते आणि माझ्या मनात तुमचं काहीच नव्हतं. चंदगडची ती म्हातारी होती. तिच्या हातावर काय ठेवतील? तुमच्या मातीवरच्या बेलाची पानं वाळायच्या आत मला हा विचार आला, ह्याचं मला स्वतःलाच नवल वाटलं. अकरा-बारा वर्षं तुम्ही जे डोक्यात घेऊन फिरलात ते असं एका दुपारी माझ्या डोक्यात येऊन बसलं. म्हातारी बसूनच असते. वेळ किती आहे कुणास ठाऊक.

महिना झाल्याशिवाय बाहेर पडू नये, जावा-नणंदा म्हणाल्या. मी म्हटलं, बरं. शैला पुण्याला गेली आणि सकाळी मी पहिली एसटी धरली.

पाऊस लागलेला. आजऱ्याच्या पुढं खिडकीतून नुसतं हिरवं आणि धुकं दिसत होतं. करडगी मी ब्लाऊजच्या आत ठेवली होती, तुम्ही शर्टात ठेवायचा तशी. कंडक्टरनं विचारलं, एकट्याच? मी म्हटलं, व्हय. गावात उतरले तर तांबड्या चिखलात चप्पल रुतली, ती हातात घेऊन विचारत विचारत गेले. काजूच्या झाडांमागं घर. सोप्यात घोंगड्यावर गौरव्वा बसलेल्या, भिंतीला टेकून, गळ्यात लहानशी करडगी. सुनेनं मला खुर्ची दिली. मी सांगितलं, कोल्हापूरची आहे, आपल्यातलीच, आणि करडगी काढून त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी हात लावला नाही. लांबूनच म्हणाल्या, "ही मालकांची."

मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. त्यांचे मालक लवकर गेले. त्यांचं लिंग त्यांच्याबरोबर गेलं, करडगी राहिली. ती फडताळात ठेवायला जीव होईना, म्हणून स्वतःचं लिंग लहान करडगीतनं काढून त्यांच्या करडगीत घातलं आणि तीच गळ्यात घालायला लागल्या. जड व्हायची, तरी. अहो, ऐकताय का? करडगी पुरुषाची होती आणि लिंग बाईचं होतं. इतकी वर्षं भांडलो आणि दोघांचंही बरोबर होतं. आणि मला तेव्हाच, त्या खुर्चीत बसून, कळलं की तुमची करडगी कपाटात जायची नाही. चहाच्या डब्यामागून ती काढून मी तेच करणार आहे, जे ह्या बाईनं केलं. जड झाली तरी.

तुम्हाला ती कुठं मिळाली आणि तुम्ही किती वर्षं सांभाळलीत, सगळं मी सांगितलं. पण गौरव्वा खूश झाल्या असं समजू नका. त्यांनी मला फैलावर घेतलं. "एवढी वर्सं? एवढी वर्सं परक्या घरात लिंग ठिवलंसा? मला आठ दिसात स्वामींनी दुसरं बांधलं. माझं काय अडलं न्हाय. नदीत सोडायचं हुतं की. रीत म्हाईत न्हाय व्हय तुमास्नी? आनि दोरा तरी बदलायचा, कापल्याला तसाच."

शब्दन् शब्द माझा होता. तुम्ही असता तर माझ्याकडं बघून हसला असता. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी उसळले. "नदीत कसं सोडायचं?" मी म्हणाले. "तुम्ही जित्त्या असताना? दोरा कापल्याला हुता म्हणूनच कळलं की ह्याचं माणूस हाय कुठंतरी. तो बदलला असता तर तुमी वळखला असतासा का? चार तालुकं फिरलाय माणूस ह्याच्यापायी. लोक हसले. घरातली हसली. रोज सकाळी स्वतःच्या आधी... न्हाय, स्वतःच्या नंतर, पर रोज, इबूती लावलीया. एक दिस चुकला न्हाय. दुसरं बांधलं म्हणून पहिलं कुणाचं नसतं का?" माझा आवाज चढला होता. सून आतून बाहेर आली. अहो, मी तुमची बाजू घेऊन भांडत होते, तुमच्याच वाक्यांनी, आणि ऐकायला तुम्ही नव्हता. मला तुमचा इतका राग कधीच आला नव्हता.

गौरव्वांनी हात पुढं केला. मग त्यांनी करडगी घेतली. झाकण त्यांच्या हातानं सहज फिरलं, कुठल्या बाजूला दाबायचं ते बोटांना माहीत होतं. हिरवी चिंधी काढली आणि तिच्यावरून अंगठा फिरवत राहिल्या. "माझ्या कुंचीची हाय," म्हणाल्या. "तान्ही हुते तवाच्या. आईनं ह्यातच गुंडाळलं हुतं." मग लिंग डाव्या तळहातावर घेतलं, डोळ्यांना लावलं, आणि त्यांचा सगळा चेहराच हलला. काही अडलं नव्हतं म्हणणारी बाई, किती वेळ तशीच बसली. सुनेला म्हणाल्या, "मला बसवताना ह्येच हातावर ठिवा. नवं गळ्यात ऱ्हाऊ दे." सून व्हय म्हणाली.

नंतर त्या माझ्याकडं वळल्या. आवाज उतरला होता. "तुझं मालक का आलं न्हाईत, यव्वा? त्यास्नी आनायचं हुतं. एवढं केलं त्येनी, आनि तू एकटीच आलीस."

तुम्ही गेलात हे मला आजवर कुणालाच सांगावं लागलं नव्हतं. दुकानातून निरोप आला तो मलाच आला. फोन शैलानं केले. शेजारी आधीच कळून आले होते. घरी येणारा प्रत्येक माणूस ते माहीत असूनच यायचा. ते शब्द माझ्या तोंडून एकदाही गेले नव्हते. मी तोंड उघडलं आणि मला वाटलं, आता म्हटलं की झालं, मग ते खरंच झालं.

"ते गेले," मी म्हणाले.

"कवा?"

"ह्याच महिन्यात. तुमच्याकडंच यायचं ठरलं हुतं."

आणि मग मी रडले, अहो. रुद्रभूमीत रडले नव्हते, शैलाच्या गळ्यात पडून रडले नव्हते, ते त्या अनोळखी सोप्यात, खुर्चीवर बसल्या बसल्या. गौरव्वांनी समजूत घातली नाही. लिंग करडगीत ठेवून करडगी पदराला बांधली. मग हातावर जोर देत, घोंगड्यावरून सरकत सरकत माझ्या खुर्चीपाशी आल्या. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. त्यांनी डोकं खाली केलं आणि माझ्या पायांवर टेकवलं. माझ्या आईच्या वयाची बाई. माझे पाय चिखलानं भरलेले. मी दचकून ते खुर्चीखाली ओढले आणि म्हणाले, अहो, हे काय करताय, माझ्या पाया कशाला पडताय?

त्यांनी हातानं माझा घोटा धरला. "तुझ्या न्हवं गं," म्हणाल्या. "त्येंच्या."

मग मी पाय पुढं केले.